घरच्या जवसाचा विचार

आपल्या मासिकांत तेलबियांविषयीं जें लिहून येतें तें बहुधा एकरी उतारा, खतांचें प्रमाण व बाजारभाव एवढ्यापुरतें असतें. तें योग्यच आहे. कारण ज्याचा संसार शेतावर चालतो त्यास या गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात. परंतु तेलबी विकून आपण घरीं कोणतें तेल आणतों, तें पोटांत गेल्यावर त्याचें काय होतें, व अंगांतील सूज-दाहाशीं त्याचा संबंध कोणता, हा विचार शेतकरी वर्गांत फारसा झालेला दिसत नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहावे असें मनांत आलें. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य आहे. तथापि शास्त्रज्ञांनीं जें तपासून ठरविलें आहे तें समजून घेऊन आपल्या बांधवांस सरळ भाषेंत सांगण्यास वैद्यच असावें लागतें असें नाहीं.

माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. ज्यास रब्बीची जमीन आहे अशा प्रत्येक शेतकऱ्यानें घरच्या खाण्यापुरता जवस पेरावा व तो रोजच्या जेवणांत ठेवावा. कां, तें पुढें सांगतों.

कचेरींत असतां पीकपाहणीचे कागद वर्षानुवर्षें माझ्या हाताखालून गेले. जुन्या पत्रकांत रब्बीच्या रकान्यांत गहूं, हरभरा व ज्वारी यांच्या शेजारीं जवस व करडई हीं नांवें गांवोगांव आढळत. पुढें तीं विरळ होत गेलीं, आणि खरिपाच्या रकान्यांत सोयाबीन हें एकच नांव पानोपान येऊं लागलें. २०२१ पासून ही नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करूं लागला. नोंदीची रीत बदलली, परंतु जवस कांहीं परत आला नाहीं. सोयाबीनला मी नांवें ठेवीत नाहीं. त्यानें विदर्भ-मराठवाड्यांतील पुष्कळ घरांत रोख पैसा आणला. पण जें पीक शेतांतून गेलें तें ताटांतूनहि गेलें, याकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आज आपल्या देशास लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें, व त्यांतील मोठा भाग इंडोनेशिया आणि मलेशिया येथील पामतेलाचा असतो. तेलबिया पिकविणाराच बाजारांतून पिशवींतलें तेल घेऊन घरीं येतो, हें दृश्य आतां कोणास नवल वाटण्यासारखें राहिलेलें नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. पायांत कांटा मोडला म्हणजे ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते व ठणकते. यासच शोथ किंवा दाह म्हणतात. हा रोग नव्हे. शरीराची ती संरक्षणाची व्यवस्था आहे. जखमेच्या ठिकाणीं रक्त अधिक यावें, पांढऱ्या पेशींनीं येऊन जंतूंचा नाश करावा व मोडकें दुरुस्त करावें, यासाठीं ती योजलेली आहे. काम संपतांच ती शांत झाली पाहिजे. ती शांत न होतां वर्षानुवर्षें मंद धुमसत राहिली म्हणजे मात्र सांधे, रक्तवाहिन्या व इतर अवयव यांची हानि होते. संधिवात हें तिचें उघड उदाहरण होय. हृदयाच्या रक्तवाहिन्या चोंदण्याच्या विकारांतहि शोथाचा हात असतो असें आतां सिद्ध झालें आहे.

या व्यवस्थेंत तेलाचा संबंध कोठें येतो? आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे व प्रत्येक पेशीभोंवतीं एक अति पातळ पटल असतें. तें पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थांचें असतें. आपण खातों त्या तेलतुपांतील मेदाम्लें त्यांत जाऊन बसतात. त्यांपैकीं बरींचशीं शरीर स्वतः तयार करूं शकतें. दोन मात्र त्यास मुळींच करतां येत नाहींत. तीं अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत. पहिलें लिनोलिक आम्ल. हें ओमेगा-६ या कुळांतलें. दुसरें आल्फा-लिनोलेनिक आम्ल. हें ओमेगा-३ कुळांतलें. दोन्हीं नांवांच्या मुळाशीं जवसाचें लॅटिन नांव लायनम हेंच आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

अन्नांतील स्निग्धांश केवळ शक्ति देण्यासाठीं नसतो, हें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनीं १९२९ सालीं दाखविलें. त्यांनीं उंदरांना बाकी सर्व सत्त्वें असलेलें, पण स्निग्धांश पूर्णपणें काढून टाकलेलें अन्न दिलें. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली, मूत्रपिंडें बिघडलीं व ते मरूं लागले. लिनोलिक आम्लाचे थोडे थेंब देतांच ते सुधारले. तेव्हांपासून या मेदाम्लांस आवश्यक असें विशेषण लागलें.

पुढचें संशोधन त्याहून महत्त्वाचें आहे. लिनोलिक आम्लापासून शरीर अरॅकिडॉनिक नांवाचें वीस कार्बनांचें आम्ल बनवितें व तें पेशीच्या पटलांत साठवितें. जखम झाली किंवा जंतु शिरले कीं एक विकर पुढें येऊन तें पटलांतून सोडवितें, व त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आदिकरून द्रव्यें तयार होतात. हींच द्रव्यें रक्तवाहिन्या रुंद करतात, वेदना जाणवून देतात व ताप आणतात. अंग दुखलें म्हणजे आपण अस्पिरिनची गोळी घेतों. ती काम कशी करते हें कित्येक वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. लंडन येथें जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें कीं, ती गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याची क्रियाच अडविते. या संशोधनाबद्दल त्यांस स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासमवेत १९८२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे ज्या द्रव्याविरुद्ध आपण गोळी घेतों, तें द्रव्य खाल्लेल्या तेलापासून आलेल्या मेदाम्लाचेंच बनलेलें असतें.

ओमेगा-३ कुळाची वाट निराळी आहे. आल्फा-लिनोलेनिक आम्लापासून शरीर वीस कार्बनांचें दुसरें आम्ल बनवितें. त्याचें संक्षिप्त नांव ईपीए. त्यापासून बावीस कार्बनांचें डीएचए बनतें. हींहि पटलांत जाऊन बसतात. शोथाच्या वेळीं त्यांपासून निघणारीं द्रव्यें अरॅकिडॉनिक आम्लाच्या द्रव्यांपेक्षां बरींच सौम्य असतात. शिवाय या शतकाच्या आरंभीं बोस्टन येथील चार्ल्स सेरहान व त्यांचे सहकारी यांनीं असें दाखविलें कीं, ईपीए व डीएचए यांपासून कांहीं विशेष द्रव्यें निघतात; त्यांस रिझॉल्व्हिन म्हणतात. काम संपलेला शोथ आवरता घेणें हें त्यांचें कार्य. यावरून शोथ आपोआप विझतो ही समजूत मागें पडली. तो विझविण्यासाठींहि शरीरास साहित्य लागतें.

पूर्वीं धान्य पेवांत सांठवीत. दुष्काळांत पेंव उघडलें म्हणजे जें भरलें असेल तेंच बाहेर येई. ज्वारी भरून गहूं निघत नसे. पेशीच्या पटलाची गोष्ट तशीच आहे. गरज पडली त्या दिवशीं शरीर नवें मेदाम्ल शोधावयास जात नाहीं. मागील कित्येक महिन्यांत जें ताटांतून आलें, त्यांतूनच तें आपली द्रव्यें करतें.

आणखी एक बाब ध्यानांत घेण्याजोगी आहे. लिनोलिक व आल्फा-लिनोलेनिक या दोहोंस लांब करून पुढच्या पायरीवर नेणारीं विकरें एकच आहेत. गांवांत घाणा एकच, व त्यावर दोन शेतकऱ्यांचा माल आलेला. एकानें पन्नास पोतीं आणलीं व दुसऱ्यानें एक, तर दुसऱ्याची पाळी क्वचितच येणार. ओमेगा-६ चा भरणा फार व ओमेगा-३ अगदीं थोडें, असा आहार असला म्हणजे असेंच घडतें.

आतां आपापल्या स्वयंपाकघरांतील तेल तपासून पाहावें. करडईच्या नेहमींच्या जातींच्या तेलांत लिनोलिक आम्ल शेंकडा ७५ च्या आसपास असतें. ओमेगा-३ जवळजवळ नाहींच. सूर्यफुलाचा प्रकार तसाच. शेंगदाण्याच्या तेलांत ऑलिइक आम्ल अधिक व लिनोलिक त्याहून कमी. ओमेगा-३ त्यांतहि नाहीं म्हटलें तरी चालेल. तिळाचीहि तीच स्थिति. पामतेलांत निम्म्याच्या सुमारास संपृक्त मेदाम्लें असतात व ओमेगा-३ नांवापुरतें. सोयाबीनच्या तेलांत तें शेंकडा ६ ते ८, मोहरीच्या तेलांत १० च्या आसपास, आणि जवसाच्या तेलांत शेंकडा ५० किंवा त्याहूनहि अधिक! मोहरीचें तेल आपल्याकडे चालत नाहीं. मासळी कोंकणपट्टी सोडली तर रोजची नाहीं, व पुष्कळ घरांत निषिद्धच. तेव्हां देशावरील व वऱ्हाडांतील घरांत ओमेगा-३ चा मोठा पुरवठा करणारें पीक जवस हेंच होतें, व तेंच आपण सोडलें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. कारण हल्लीं या विषयांत अतिशयोक्ति फार चालते. ओमेगा-६ म्हणजे विष, करडईचें व सोयाबीनचें तेल अंगांत आग लावतें, असें सांगणारे पुष्कळ भेटतात. तें खरें नाहीं. निरोगी माणसांचें लिनोलिक आम्ल वाढवून पाहिलेल्या १५ प्रयोगांचें परीक्षण २०१२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत शोथ दाखविणारीं रक्तांतील द्रव्यें वाढलीं असें आढळलें नाहीं. शरीर अरॅकिडॉनिक आम्लाची पातळी बरीच आवरून धरतें, व त्याच आम्लापासून कांहीं शमन करणारीं द्रव्येंहि निघतात. संपृक्त स्निग्धांऐवजीं हीं तेलें वापरल्यास रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरतें, हें तर पूर्वींच ठरलेलें आहे. तेव्हां जवसाची बाजू मांडण्यासाठीं करडईची निंदा करण्याचें कारण नाहीं. सोलापुराकडील शेतकऱ्यानें करडई खुशाल खावी; तिच्या जोडीला जवस असावा, एवढेंच म्हणणें आहे. उणीव आहे ती एका बाजूची आहे; दुसरी बाजू तोडून ती भरून निघत नाहीं.

त्याचप्रमाणें जवस हें औषध आहे असेंहि मी म्हणत नाहीं. जवसांतील आल्फा-लिनोलेनिक आम्लापैकीं ईपीए होण्याचें प्रमाण शेंकडा थोडेंच, व डीएचए होण्याचें त्याहून फार कमी. जवसानें शोथ किती उतरतो हें मोजणारे प्रयोग एकमुखी नाहींत. माशाच्या तेलाचा पुरावा कांहींसा अधिक बळकट आहे. संधिवात वगैरे कारणांनीं होणाऱ्या शोथजन्य सांधेदुखीवरील १७ प्रयोगांचा एकत्र हिशेब २००७ सालीं मांडण्यांत आला. त्यांत तीन-चार महिने माशाचें तेल घेतल्यावर वेदना व सकाळचा आंखडलेपणा कमी झाल्याचें दिसलें. पण म्हणून निरोगी माणसानें गोळ्यांच्या बाटल्या आणाव्या असें नाहीं. अमेरिकेंत २५,८७१ माणसांवर केलेल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल २०१८ सालीं लागला. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ ची गोळी घेऊन हृदयविकार व पक्षाघात यांचें एकूण प्रमाण लक्षणीय उतरलें नाहीं. जे मासळी खातात त्यांनीं महागड्या गोळ्यांपेक्षां बांगडा व तारली हे स्वस्त मासे आठवड्यांतून दोन वेळां खावे. जे खात नाहींत त्यांस जवस आहे.

जी गोष्ट खरोखर टाळावयाची ती निराळी आहे. वनस्पति तुपांत, व त्यांत तळलेल्या बाजारू जिनसांत, ट्रान्स जातीचीं मेदाम्लें असत. तीं शोथ वाढवितात व हृदयास अपाय करतात हें अनेक ठिकाणीं दिसून आल्यावर आपल्या देशांत २०२२ च्या जानेवारीपासून त्यांवर शेंकडा दोनची मर्यादा घालण्यांत आली. कायदा झाला तरी लग्नकार्यांत एकाच कढईंतलें तेल दोन-दोन दिवस उकळत ठेवण्याची चाल गेलेली नाहीं. असें काळवंडलेलें तेल पुन्हां घरीं आणून वापरणें ही बचत नव्हे.

आतां खर्चाचा हिशेब करूं. कारकुनास त्यावांचून चैन पडत नाहीं. दहा ग्रॅम जवसांत सुमारें दोन ग्रॅम आल्फा-लिनोलेनिक आम्ल असतें. प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकेंत पुरुषास १.६ व स्त्रीस १.१ ग्रॅम धरतात. ती तेवढ्यांत भागते. घरांत पांच माणसें असल्यास रोजचे ५० ग्रॅम, म्हणजे वर्षाचे सव्वाअठरा किलो. कोरडवाहूंत हेक्टरी ३०० किलो असें बेताचें उत्पन्न धरलें तरी गुंठ्यास तीन किलो पडतात. तेव्हां सहा गुंठे जमीन पुरे. पाऊस वाईट झाला व पीक निम्म्यावर आलें तर बारा गुंठे. ज्याच्या नांवें पांच एकर जमीन आहे त्यास हें जड नाहीं. हरभऱ्यांत कांहीं ओळी टाकल्या तरी भागतें. पेरणी ऑक्टोबरांत वेळेवर करावी. उशीर झाल्यास कळीवरील माशीचा उपद्रव वाढतो.

जवस परवडत नाहीं, हा आक्षेप मी पुष्कळदां ऐकला आहे. विकण्यासाठीं पेरल्यास तो हरभऱ्याच्या तोडीस उतरत नाहीं हें मला मान्य आहे. परंतु परसांतील भाजी, बांधावरील शेवगा व गोठ्यांतील गाय यांचा हिशेब आपण बाजारभावानें करतों काय? घरांत जें रोज लागतें व बाजारांत चांगलें मिळेल याची खात्री नाहीं, तें घरीं पिकविणें हाच शेतकऱ्याचा विशेष अधिकार आहे. शहरांतील मनुष्यास सहा गुंठे कोठून मिळणार?

खाण्याची रीत मात्र नीट सांभाळली पाहिजे. जवस मंद आंचेवर भाजून कुटावा किंवा दळावा. अख्खे दाणे न चावतां गिळले तर बहुतेक तसेच बाहेर पडतात. कच्च्या दाण्यांत सायनाइड निर्माण करणारीं द्रव्यें अल्प प्रमाणांत असतात. तीं भाजल्यानें कमी होतात, म्हणून आपल्या आयाबायांनीं भाजून चटणी करण्याची जी रीत घातली ती शहाणपणाचीच आहे. पूड एकदम महिन्याची करून ठेवूं नये. आठवड्यापुरती करावी व झांकून ठेवावी, कारण हवा लागली कीं ती खंवट होते. जवसाचें तेल हवेनें वाळून घट्ट होतें म्हणूनच रंगाच्या कामीं लागतें. त्याच गुणामुळें तें तळणास नालायक आहे. खावयाचें तर घाण्याचें ताजें, भाकरीवर किंवा चटणींत कच्चेंच घ्यावें. पूड खाणारानें पाणी भरपूर प्यावें. रक्त पातळ करण्याचें औषध चालू असेल त्यानें आपल्या डॉक्टरास विचारून घ्यावें.

जवसाखेरीज आपल्या घरांत ओमेगा-३ ची आणखी दोन ठिकाणें आहेत. बाळंतिणीस देतात त्या अळिवांत तें चांगल्या प्रमाणांत असतें. तो लाडू बाळंतपणापुरताच कां ठेवावा? दुसरी घोळीची भाजी. पालेभाज्यांत हिचा नंबर या बाबतींत फार वरचा आहे, आणि आपण ती तण म्हणून खुरप्यानें काढून बांधावर फेंकतों.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं आहाराचे जे नियम प्रसिद्ध केले त्यांत तेल-तूप बेतानें वापरावें व आवश्यक मेदाम्लांसाठीं निरनिराळ्या तेलबिया, कवचीचीं फळें, भरड धान्यें व डाळी खाव्या असें सांगितलें आहे. या निरनिराळ्या या शब्दावर माझा भर आहे. एकच तेल, मग तें कोणतेंहि असो, बारा महिने खाणें हें एकाच पिकावर सारें शेत लावण्यासारखें आहे.

आपल्या संस्थेच्या चालकांस एक विनंती आहे. सभासदांनीं एकेकट्यानें जवसाचें बीं शोधीत फिरणें कठीण. दुकानदार तें ठेवीत नाहीं, कारण कोणी मागत नाहीं. आणि कोणी मागत नाहीं, कारण तें दुकानांत दिसत नाहीं. कृषि विद्यापीठांची नागपूर व लातूर येथील तेलबिया संशोधन केंद्रें या पिकावर काम करीत आलीं आहेत. संस्थेनें सप्टेंबरांतच सभासदांची मागणी नोंदून घ्यावी, तेथून चांगलें बीं एकत्र आणावें व घरटी दोन-तीन शेर प्रमाणें वाटावें. खर्च सभासदांकडूनच घ्यावा. फुकट वाटलेलें बीं कोणी जपून पेरीत नाहीं. पहिल्या वर्षीं पन्नास घरांनीं जरी पेरलें तरी पुढील वर्षाचें बीं गांवांतच निघेल.

गुडघे धरून बसलेला म्हातारा व रोज गोळी घेऊन निंदणीस जाणारी बाई हीं आतां प्रत्येक गांवांत दिसतात. त्यांचें सर्व दुखणें एका जवसाच्या अभावानें आलें असें म्हणणें वेडेपणाचें होईल. श्रम, वय, वजन व झीज हीं कारणें आहेतच. पण ज्या गोळ्यांनीं पोट व मूत्रपिंडें बिघडतात त्यांवर आपण दरमहा पैसा घालतों, आणि ज्या साहित्यानें शरीर आपला दाह आपण आवरतें तें पेरण्यास सहा गुंठे देत नाहीं, हा हिशेब मला जुळत नाहीं. येत्या रब्बीपूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या घरांतील मंडळींशीं याचा विचार करावा, एवढें सांगून हा लेख पुरा करतों.

— एक निवृत्त महसूल कारकून